तुझं दुखणं मडकिप आहे: गेममध्ये स्वतःचे नियम घालून खेळण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आलाय: पोकेमॉन एमराल्ड चार वेळा संपवून झाला, चारही वेळा सुरुवातीला मडकिप, म्हणजे तो पाण्याच्या टाइपचा पोकेमॉन, घेतला. आता गेम फार सोपा वाटतो म्हणून स्वतःच नियम घातले, पोकेमॉन सेंटरमध्ये (जिथे जखमी पोकेमॉन बरे करतात) जायचं नाही, दुकानातून काही विकत घ्यायचं नाही, रनिंग शूज वापरायचे नाहीत. दोन दिवसांत कंटाळा आला आणि सोडून दिलं. तर ताई, तुम्ही इतकी वर्षं असं नियम घालून कसं खेळता, नियम ठरवायचे कसे, आणि मध्येच एखादा मोडला तर ती चीटिंग धरायची का?

मी साधारण पंधरा वर्षं असं खेळतेय, बरेच प्रकार करून झालेत, कितीतरी अर्धवट सोडलेत पण, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी तुझेच तीन नियम बघू. रनिंग शूज नाहीत म्हणजे काय झालं, तर तू तेवढंच अंतर हळू चाललास. सेंटर नाही म्हणजे काय, तर तू बेरी गोळा करत बसलास किंवा लिटलरूटला आईकडे जाऊन सगळे बरे करून आणलेस, कारण घरी आईशी बोललं की ती टीम बरी करते. दुकान नाही म्हणजे लढाईनंतर जास्त थांबायचं आणि अजून चालायचं. तिन्ही नियमांनी वेळ खाल्ला. पण लढाई सुरू झाल्यावर तू काय करत होतास? मडकिप पुढे करत होतास, अगदी पहिल्या चार वेळांसारखाच. प्रत्येक जिममध्ये एका ठरावीक टाइपचे पोकेमॉन घेऊन बसलेला लीडर हरवायचा असतो. पहिली जिम रॉकची, तिथे पाण्याचा मूव्ह. वॉटसनची जिम इलेक्ट्रिकची, तोपर्यंत मडकिपचा मार्शटॉम्प झालेला असतो, तो ग्राउंड टाइप पण आहे, त्याला वीज लागतच नाही. फ्लॅनरी फायर, परत पाणी. टेट आणि लिझाची डबल बॅटल, तिथे लुनाटोन आणि सोलरॉक दोघेही रॉक, पाण्याचा एक सर्फ मारला की दोघं गार. म्हणजे गेम विचारत असलेल्या बहुतेक प्रश्नांना तुझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते उत्तर तू स्वतःकडेच ठेवलंस, नियम मात्र चपलांवर घातलास.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नियम असा घालायचा जो तुझं नेहमीचं उत्तर काढून घेईल. आपण कशाच्या जोरावर जिंकतोय हे आधी प्रामाणिकपणे बघायचं आणि बरोबर त्यावरच बोट ठेवायचं. स्कायरिम खेळणारे बरेच जण सुरुवात कशीही करोत, शेवटी अंधारात वाकून बाण मारत बसतात, त्यांनी धनुष्य बंद करावं. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये मी एकदा प्रत्येक लाल सिग्नलला थांबायचं असं ठरवलं होतं, मिशन चालू नसताना. ऐकायला पोरकट वाटेल पण मी ते शहर पहिल्यांदा तेव्हा बघितलं, त्याआधी कितीतरी तास नुसती फुटपाथवरून गाडी घालत होते.

आणि ही काही परदेशातून आलेली नवीन गोष्ट आहे असं समजू नकोस. आपण गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा काय होतं? वन टप्पा आऊट, भिंतीला डायरेक्ट लागला तर आऊट, समोरच्या काकूंच्या गॅलरीत गेला तर आऊट आणि बॉल पण मारणाऱ्यानेच आणायचा. हे नियम कुठल्या पुस्तकात नव्हते. जागा अरुंद होती, एक दांडगा मुलगा प्रत्येक बॉल उचलून मारायचा, मग त्याच्यासाठी गॅलरीचा नियम आला आणि त्याला खाली, जमिनीवरून खेळायला शिकावं लागलं. आमच्याकडे कॉम्प्युटरवर क्रिकेट ०७ आला तेव्हा मी आणि भावाने तेच केलं. एक ठरलेला उंच फटका जमायला लागला की प्रत्येक ओव्हरला छत्तीस रन, मग काय मजा, तर पहिल्या दहा ओव्हर बॉल हवेत मारायचा नाही असं ठरवलं आणि तेव्हा कुठे आम्हाला कळलं की गॅपमधून ढकलून दोन रन पळायची मजा या गेममध्ये पण आहे.

आता पोकेमॉनचं. तुझ्यासाठी नझलॉक हाच मार्ग आहे. नाव ऐकलं असशील पण तो कसा तयार झाला आणि का टिकला हे समजून घे. २०१० मध्ये निक फ्रँको नावाच्या अमेरिकन मुलाने पोकेमॉन रुबी खेळताना स्वतःवर दोन बंधनं घातली आणि त्या खेळाचं कॉमिक काढून इंटरनेटवर टाकलं. नझलीफ हा पोकेमॉन आणि एका टीव्ही मालिकेतलं लॉक नावाचं पात्र, दोन्ही जोडून हे नाव झालं. बंधन पहिलं, जो पोकेमॉन बेशुद्ध झाला तो मेला, परत वापरायचा नाही. दुसरं, प्रत्येक नवीन भागात जो पहिला समोर येईल तोच पकडायचा, तो निसटला किंवा चुकून मेला तर त्या भागातून काही मिळणार नाही. प्रत्येकाला नाव द्यायचं हा तिसरा नियम पण आता सगळे धरतातच.

बघ, यात तुझा वेळ खाणारं काही नाहीये. पळ, सेंटरमध्ये जा, दुकानातून पोशन घे. पण पहिल्या नियमाने प्रत्येक लढाईला किंमत येते, अगदी गवतातल्या फालतू लढाईला पण, आणि दुसऱ्या नियमाने टीम निवडायचं काम तुझ्या हातातून जातं. माझ्या मते खरी जादू दुसऱ्या नियमात आहे. लोक पहिल्याबद्दलच बोलतात कारण त्यात मरण आहे, पण दुसरा नसेल तर तू परत तुझे ठरलेले सहा लाडके जमवशील आणि फक्त जपून खेळशील.

माझंच सांगते. एमराल्डच्या माझ्या दुसऱ्या नझलॉकमध्ये मी सुरुवातीला ट्रीको, म्हणजे गवताच्या टाइपचा, घेतला होता. रूट ११६ वर पहिला आला व्हिस्मर. तो गुलाबी, कान लोंबणारा, मी आधीच्या कुठल्याच खेळात त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नियम होता म्हणून पकडला, नाव ठेवलं भोंगा. ग्रॅनाइट केव्हमध्ये मिळाला माकुहिता, फायटिंग टाइपचा, त्याचं नाव ठेवलं पैलवान. पुढे मॉव्हिलला वॉटसनसमोर उभी राहिले तेव्हा माझ्याकडे ग्राउंड टाइपचा एकही नव्हता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जिमआधी बसून प्रत्येक पोकेमॉनचं पान उघडून वाचलं. वाचताना दिसलं की भोंग्याची ॲबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, साउंडप्रूफ आहे, आवाजाचे मूव्ह त्याला लागतच नाहीत. इतकी वर्षं खेळत होते, कधी वाचलीच नव्हती. वॉटसनचा मॅग्नेटॉन सुपरसॉनिक मारतो, तो आवाजाचा मूव्ह, त्याने आपला पोकेमॉन गोंधळतो आणि स्वतःलाच मारून घेतो, माझ्या आधीच्या खेळात दोन जण तसेच गेले होते. या वेळी भोंगा समोर ठेवला, तोपर्यंत तो लाउडरेड झाला होता. मॅग्नेटॉनने सुपरसॉनिक टाकलं आणि स्क्रीनवर आलं की साउंडप्रूफने ते अडवलं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. मॅग्नेटॉन स्टीलचा, त्याला भोंग्याचे नॉर्मल मूव्ह नीट लागत नाहीत, त्यामुळे शेवटचं काम पैलवानाने केलं, पण मध्ये उभा भोंगा होता. मार्शटॉम्प असता तर मी ती जिम एका मिनिटात पार करून विसरून गेले असते.

आणि त्याच खेळात पैलवान गेला ते पण सांगते, कारण मरणाचा नियम काय शिकवतो ते त्यात आहे. पाचवी जिम नॉर्मनची. त्याचा लेव्हल ३१ चा स्लेकिंग, ताकद प्रचंड पण ट्रूअंट ॲबिलिटीमुळे तो एक टर्न आड हलतो, एक टर्न काहीतरी करणार, पुढची टर्न नुसता लोळणार. पैलवान तेव्हा हारियामा झाला होता, पूर्ण हेल्थवर होता, फायटिंगचा मूव्ह नॉर्मलवर दुप्पट लागतो, मला वाटलं हे तर झालंच. मी टर्न मोजायला चुकले. तो जागा असलेल्या टर्नला मी पैलवानाकडून फटका मारला, स्लेकिंगची अर्ध्याहून जास्त हेल्थ गेली, आणि त्याने काउंटर मारला. काउंटर म्हणजे अंगावर बसलेला फिजिकल फटका दुप्पट करून परत. पैलवान पूर्ण हेल्थवरून एका फटक्यात खाली. लोळायच्या टर्नला मारला असता तर काउंटर आलाच नसता, एका टर्नचा हिशोब. साध्या खेळात मी पुढचा पोकेमॉन पाठवला असता आणि नंतर रिव्हाइव्ह देऊन पैलवानाला शुद्धीवर आणला असता. इथे मी जिम जिंकले, बाहेर आले, सेंटरमधल्या पीसीवर जाऊन त्याला बॉक्समध्ये ठेवला, त्या बॉक्सला स्मशान नाव दिलेलं होतं. त्या रात्री पुढे खेळले नाही. पण त्यानंतर कुठल्याही लढाईत समोरच्याकडे काउंटर असू शकतो का हा विचार केल्याशिवाय मी मोठा फटका मारलेला नाही, आणि हे मला कुठल्या गाइडने शिकवलेलं नाही.

नियम कमी घाल पण घालशील तो पूर्ण घाल. डार्क सोल्समध्ये लोक लेव्हल न वाढवता गेम संपवतात, २०११ चा पहिला डार्क सोल्स, त्यात पायरोमॅन्सर हा एकच क्लास लेव्हल १ वर सुरू होतो म्हणून तोच घेतात. तिथे बंदी फक्त लेव्हलवर आहे. शस्त्र अपग्रेड करा, आगीचे मंत्र वापरा, अंगठ्या घाला, सगळं चालतं. त्यामुळे होतं असं की लेव्हलचा एक दरवाजा बंद झाल्यावर माणूस बाकीचे दरवाजे ठोठावत बसतो. मला त्या गेममध्ये अंगावरच्या वजनाचं गणित तेव्हा समजलं, एकूण क्षमतेच्या पाव भागाच्या आत वजन ठेवलं तरच चपळ लोळण मिळते, मग मी चिलखत काढूनच टाकलं कारण तसंही दोन फटक्यांत मरणार, तर निदान फटका चुकवता तरी येऊ दे. हेच लेव्हल बंद, अपग्रेड बंद, मंत्र बंद, ढाल बंद असं सगळं एकदम केलं असतं तर दरवाजेच उरले नसते, भिंतीवर डोकं आपटणं उरलं असतं. असं करणारे खेळाडू आहेत, पण ते हजारो तास त्या गेममध्ये घालवून मग तिथे पोचलेत.

आता शब्दांचं. नियम लिहून काढ, वहीत, पेनाने. डोक्यातला नियम अडचणीच्या वेळी बरोबर आपल्या सोयीने वाकतो. आणि लिहिताना शंका येईल ती जागा शोध. जुन्या डूममध्ये पॅसिफिस्ट नावाचा प्रकार आहे, राक्षसांना इजा न करता लेव्हल पार करायची. पण मग एका राक्षसाची गोळी चुकून दुसऱ्याला लागली आणि ते आपसात भांडून मेले तर? त्या खेळाडूंनी ठरवलं की ते चालेल, तू स्वतः जाणूनबुजून इजा करायची नाही. एवढ्या एका वाक्याने तो खेळ बदलला, माणूस मुद्दाम दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहायला शिकतो. त्याहून भारी उदाहरण सुपर मारिओ ६४ चं. तो उड्यांचाच गेम, आणि उडीचं बटण म्हणजे ए, तर ए कमीत कमी वेळा दाबून तारे मिळवायचे असं काही जण वर्षानुवर्षं करतायत. त्यांच्याकडे अर्धा ए असा हिशोब होता, २०१६ च्या एका प्रसिद्ध व्हिडिओमुळे तो जगाला कळला. लोकांना आधी हसू आलं, पण तर्क पक्का आहे. बटण दाबण्याचे तीन भाग, दाबणं, धरून ठेवणं आणि सोडणं. एखाद्या ताऱ्यासाठी ए नुसता धरून ठेवलेला लागत असेल तर तो तू लेव्हलमध्ये शिरायच्या आधीच दाबून आत येऊ शकतोस, म्हणजे पूर्ण गेम सलग खेळताना आधी कुठेतरी दाबलेलाच इथपर्यंत धरून आणता येतो, नवीन दाबावा लागत नाही. म्हणून तो अर्धा. माझ्या दृष्टीने गेमबद्दल कुणी इतकं बारीक विचार करणं यासारखं प्रेम नाही.

तुझ्या नझलॉकसाठी शंकेच्या जागा मी सांगते. आधीच पकडलेल्या जातीचाच परत पहिला आला तर? बहुतेक लोक तो सोडून पुढचा धरतात, तू पण धर, नाहीतर झुबॅटच्या चार प्रती घेऊन फिरशील. जिम लीडरच्या सगळ्यात मोठ्या पोकेमॉनपेक्षा लेव्हल वर न्यायची का? नको, नाहीतर गवतात फिरून लेव्हल वाढवणं हेच तुझं नवं मडकिप होईल. इम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटर किंवा फोनवर जुना गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळत असशील तर सेव्ह स्टेट (कुठल्याही क्षणी सेव्ह करून तिथेच परत येणं) पूर्ण बंद, गेममधला सेव्ह तेवढा. आणि एक नियम आपल्याकडच्या लोकांनी लिहायलाच हवा, लाईट गेली तर काय. मी असं लिहून ठेवलंय की शेवटच्या सेव्हपासून परत सुरू, पण लाईट जाण्याआधी जो मेला होता तो मेलेलाच. पावसाळ्यात हे दोनदा वापरावं लागलं आणि दोन्ही वेळा वहीत आधीच लिहिलेलं होतं म्हणून मनाशी वाद झाला नाही.

चीटिंगचं विचारलंस. समोर कुणी नसताना फसवणूक कुणाची होणार, असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. भोंगा मेला असता आणि मी गुपचूप परत लोड केला असता तर पुढच्या प्रत्येक लढाईत मला माहीत असतं की इथे कुणी मरत नाही, आणि मग वॉटसनसमोर जी धडधड झाली ती झाली नसती. नुकसान तेवढंच आहे, पण ते पूर्ण आहे. मात्र नियमच चुकीचा निघाला, म्हणजे तुझ्या रनिंग शूजसारखा, तर तो बदल ना. फक्त चालू ओव्हरमध्ये बदलायचा नाही. लढाई संपू दे, जिम संपू दे, सेव्ह कर, वही उघड, जुनी ओळ खोडून नवीन लिही. हरायला लागल्यावर नियम बदलणं हा रडीचा डाव, शांत बसून बदलणं ही दुरुस्ती. आणि जड जात असेल तर स्वतःला कच्चा लिंबू करून घ्यायला काही हरकत नाही. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, तो माझ्याशेजारी बसून नझलॉक खेळतो, त्याला प्रत्येक जिममागे एक जण जिवंत करायची सूट आहे आणि ती त्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेली आहे. तो ती सूट इतकी जपून वापरतो की बघत राहावं.

बीजीएमआयसारख्या टीमच्या गोळीबाराच्या गेममध्ये मात्र जपून. अनोळखी तीन जणांबरोबर रँक खेळताना तू फक्त पिस्तूल घेऊन फिरलास तर तुझ्या नियमाची किंमत ते भरतायत. मित्रांची संमती असेल तर चौघांनी मिळून करा, नाहीतर सोलोमध्ये.

वेळ कमी असेल, नोकरी असेल, तर हरल्यावर परत किती मागे जावं लागतं ते बघून गेम निवड. मला रात्री तासभर मिळतो, त्यात डूमची एक लेव्हल पाच वेळा करता येते, पण चाळीस तासांचा नझलॉक शेवटच्या लढाईत हरला तर दोन-दोन महिने जातात, तेवढी मनाची तयारी हवी. गेलेच माझे दोनदा. हरलेल्या खेळाची वही मी टाकत नाही, त्यात कोण कुठे पकडला, कोण कुठे आणि कशाने मेला हे असतं, पुढच्या वेळी सगळ्यात जास्त तीच कामाला येते.

तर आता तू काय कर. नवीन गेम सुरू कर, मडकिप सोडून उरलेल्या दोघांपैकी कुठलाही घे, मी तर ट्रीकोच म्हणेन कारण पहिल्या जिमनंतर बराच काळ तो तुला फुकट फारसं काही देत नाही. पकडण्याचा नियम पोकेबॉल हातात आल्यापासून लागू, त्याआधी गवतात जे भेटले ते मोजायचे नाहीत, हे पण लिही. बॉल मिळाले की मागे रूट १०१ वर ये आणि गवतात शिर. झिगझगून आला तर नाक मुरडू नकोस, त्याला पिकअप ॲबिलिटी असते, लढाया संपल्यावर अधूनमधून काहीतरी उचलून आणलेलं असतं, प्रत्येक लढाईनंतर त्याच्या हातात बघायची सवय ठेव. त्याला नाव चांगलं दे.